विल्मा बांकी : मूकपटाची राणी आणि तिचे उच्चार



सारा जन्म होमिओपॅथीच्या दवाखान्यात घालवलेल्या माणसाने एका हंगेरियन नटीवर बोलायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला, "तुमचा आणि हंगेरीचा संबंध काय?" संबंध आहे, पण थोडासाच. आमच्या पॅथीचे जनक हानेमान ऐन तारुण्यात दोनेक वर्षे ट्रान्सिल्व्हेनियात एका गव्हर्नरच्या पदरी ग्रंथपाल होते. पुढे 1839 मध्ये लाहोरला रणजितसिंहांच्या दरबारात होमिओपॅथीचे औषध देणारा होनिगबर्गर हाही ट्रान्सिल्व्हेनियाचाच. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हा मुलूख हंगेरीच्या हातून गेला. तो का गेला, हे वाचता वाचता मी बुडापेस्टला पोचलो आणि तिथे ही बाई भेटली. आजच्या व्याख्यानाचा विषय असा आडवाटेने आलेला आहे, तो गोड मानून घ्यावा.

विल्मा बांकीबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट सांगितली जाते. मूकपटाच्या काळात ती राणी होती, मग बोलपट आला, बाईंचे उच्चार पडले हंगेरियन, तोंड उघडले आणि कारकीर्द संपली. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून टिकली. मलाही ती बरीच वर्षे खरी वाटत होती. त्याला एक कारण आहे. शिकायला पुण्याला गेलो तेव्हा माझ्या तोंडचे 'आहे की हो' आणि 'येतो की हो' ऐकून वसतिगृहात आठवडाभर हशा चालला होता. घरी तीन पिढ्या मराठी बोलणाऱ्या मुलाला 'तू मराठी कुठे शिकलास?' असे विचारले गेले. बोलीवरून माणसाला मोजतात हे ज्याने सोसले आहे, त्याला विल्माची ही गोष्ट पटकन पटते. पण तिच्या चित्रपटांचा क्रम नीट लावून पाहिला, तेव्हा ती अर्धीच खरी असल्याचे ध्यानात आले.

तिचे मूळ आडनाव कोन्चिच. जन्म हंगेरीतल्या नॉज्दोरोग या गावी, तारीख सर्वसाधारणपणे 9 जानेवारी 1901 अशी दिली जाते. लहानपणीच कुटुंब बुडापेस्टला आले. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, म्हणजे तिच्या देशात ती 'बांकी विल्मा'. आपल्याकडच्या मतदार यादीची आठवण व्हावी असा हा प्रकार. शाळा संपल्यावर ती लघुलेखन शिकत होती. कुठल्या तरी कचेरीत चिकटायचे, एवढाच बेत असावा.

त्या वेळच्या हंगेरीची अवस्था समजल्याशिवाय तिचे पुढचे आयुष्य कळत नाही. युद्ध हरले, साम्राज्य फुटले. 1919 मध्ये बेला कुन यांचे साम्यवादी सरकार आले. त्याने चित्रपटधंद्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि काही महिन्यांतच ते कोसळले. मग सूडाचा काळ आला. ज्यांनी त्या सरकारच्या काळात काम केले होते, त्यांना देश सोडावा लागला. पुढे मायकेल कर्टिझ म्हणून गाजलेला केर्तेस मिहाय, लंडनमध्ये सर झालेला अलेक्झांडर कोर्डा, ड्रॅक्युला म्हणून जगाला घाबरवणारा बेला लुगोसी, हे सगळे त्या एकाच वर्षी बाहेर पडले. पाठोपाठ 4 जून 1920 रोजी त्रियानोंचा तह झाला. जुन्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला आणि तीस लाखांहून जास्त हंगेरियन भाषक आपल्या घरात बसल्या बसल्या दुसऱ्या देशाचे नागरिक झाले. रेघ सरकते आणि माणसे जागच्या जागी परकी होतात, हे या सभागृहात वेगळे समजावून सांगायला नको.

चित्रपटाची बाजारपेठच अशी आक्रसली, तेव्हा बुडापेस्टच्या कलावंतांना व्हिएन्ना आणि बर्लिन हेच आधार उरले. विल्माचा पहिला चित्रपटही जर्मनच, कार्ल बोझे यांचा. पुढच्या पाचसहा वर्षांत ती हंगेरी, ऑस्ट्रिया आणि जर्मनी यांच्यामध्ये फिरत राहिली. फ्रेंच विनोदवीर मॅक्स लिंडर याच्या सर्कशीवरच्या चित्रपटात ती नायिका होती. हे सगळे शक्य झाले ते चित्रपट मुका होता म्हणून. नटी हंगेरियनमध्ये बोले, समोरचा नट फ्रेंचमध्ये उत्तर देई. पडद्यावर मधून मधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या तेवढ्या ज्या त्या देशाच्या भाषेत बदलल्या की काम भागे. भाषेच्या सीमांना इतके कमी महत्त्व देणारा धंदा त्याआधी क्वचितच झाला असेल.

1925 मध्ये अमेरिकन निर्माता सॅम्युएल गोल्डविन युरोपच्या फेरीवर असताना बुडापेस्टला आला आणि त्याने तिला करारबद्ध केले. तिचे छायाचित्र पाहून तो तिच्या शोधात निघाला, असे सांगतात. या गोल्डविनचे मूळ नाव श्मुएल गेल्बफिश, वॉर्साच्या गरीब ज्यू घरातला. गेल्बफिशचा गोल्डफिश झाला, गोल्डफिशचा गोल्डविन झाला. त्याची मोडकी इंग्रजी अमेरिकेत इतकी प्रसिद्ध होती की तिचे विनोद संग्रह करून सांगितले जात. निर्मात्याचे मोडके इंग्रजी हा कौतुकाचा विषय आणि नटीचे मोडके इंग्रजी हा धंद्याचा धोका, हा भेद मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

हॉलिवूडमध्ये तिची जाहिरात झाली ती 'हंगेरियन ऱ्हॅप्सोडी' या बिरुदाने. लिस्टच्या संगीतरचनांचे नाव उचलून बाईला चिकटवले. पण गंमत अशी, की या हंगेरियन सुंदरीला हंगेरियन भूमिका काही मिळाली नाही. 'द डार्क एंजल' मध्ये ती इंग्रज मुलगी. 'द ईगल' मध्ये रशियन, कथा पुश्किनची. 'द सन ऑफ द शेख' मध्ये वाळवंटातली नर्तकी. 'द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ' मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडची कन्या, आणि तिची आईसुद्धा तीच. पुढे स्पॅनिश झाली, सर्कसवाली झाली. चेहरा गोरा, केस सोनेरी, आवाज ऐकू येत नाही, मग कुठेही बसवा.

'द डार्क एंजल' ची कथा आजही डोळ्यांत पाणी आणेल अशी आहे. महायुद्धात आंधळा झालेला तरुण, प्रेयसीवर आपले ओझे पडू नये म्हणून, तिच्यासमोर आपल्याला दिसते आहे असे नाटक करतो. नायक रोनाल्ड कोलमन. या एका चित्रपटाने विल्मा रातोरात तारका झाली आणि नेमका तोच आज हरवला आहे. तो पाहिलेला माणूस आता शोधूनही सापडायचा नाही.

या चित्रपटाला आपल्या मुंबईचा एक धागा आहे. 1935 मध्ये गोल्डविननेच तो बोलपट म्हणून पुन्हा काढला आणि विल्माची किटी वेनची भूमिका मर्ल ओबेरॉनला दिली. ही मर्ल 1911 साली मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. ती कोलकात्यात वाढली. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. पण आपला जन्म टास्मानियात झाला, अशी खोटी जन्मकथा तिला जवळजवळ आयुष्यभर सांभाळावी लागली. बोलण्यातला आणि रक्तातला हिंदुस्थान लपवून ती टिकली. पुढे तिने लग्न केले ते अलेक्झांडर कोर्डाशी, म्हणजे 1919 मध्ये बुडापेस्ट सोडलेल्या त्याच हंगेरियन माणसाशी.

व्हॅलेंटिनोबरोबरचे दोन चित्रपट विल्माच्या कीर्तीचा कळस मानले जातात. मी 'द ईगल' पाहिला तो मुलाने संगणकावर लावून दिला म्हणून. व्हॅलेंटिनोचे डोळे फार बोलतात. विल्मा मात्र कमी करते. मान किंचित वळवते, थांबते, आणि समोरच्याला बोलू देते. दवाखान्यात काही रुग्ण असे असतात, प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर देत नाहीत आणि त्या थांबण्यातच अर्धे निदान असते. 'द सन ऑफ द शेख' सर्वत्र झळकण्याच्या सुमारास, 23 ऑगस्ट 1926 रोजी, व्हॅलेंटिनो न्यूयॉर्कमध्ये वारला. वय 31. जठराचा व्रण फुटून पोटभर पसरलेला जंतुसंसर्ग. पेनिसिलिन यायला अजून पुष्कळ वर्षे होती.

पुढच्या वर्षी, 26 जून 1927 रोजी, बेव्हर्ली हिल्सच्या चर्चमध्ये तिने नट रॉड ला रॉक याच्याशी लग्न केले. सोहळ्याचा यजमान गोल्डविन, वराच्या बाजूला दिग्दर्शक सेसिल डिमिल. लग्न की जाहिरात, असा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. मेजवानीतली काही पक्वान्ने कागदाच्या लगद्याची होती, असा किस्सा हॉलिवूडमध्ये अजून सांगतात. खरा असो वा नसो, त्या जगाला तो शोभतो. पण लगद्याच्या पक्वान्नांचे ते लग्न 1969 मध्ये रॉडच्या मृत्यूपर्यंत, बेचाळीस वर्षे टिकले.

लग्नानंतर तीनचार महिन्यांतच 'द जॅझ सिंगर' आला आणि पडदा बोलू लागला. गोल्डविनने विल्मासाठी 1929 मध्ये 'धिस इज हेवन' काढला, अर्धा मुका, अर्धा बोलका. त्यात ती न्यूयॉर्कला उतरलेली हंगेरियन मुलगी झाली, उपाहारगृहाच्या खिडकीत धिरडी उलटणारी. म्हणजे हॉलिवूडने तिला तिच्या देशाची भूमिका दिली ती आवाज ऐकू येऊ लागल्यावर, उच्चारांना निमित्त हवे म्हणून. चित्रपट पडला. आठवड्याला 5,000 डॉलर घेणाऱ्या नटीने पगार कमी करून घ्यावा, असे सुचवण्यात आले. तिने ते मानले नाही, असे सांगतात. करार कागदावर होता आणि ती लघुलेखन शिकलेली बाई होती.

आता ते सुटसुटीत वाक्य तपासून पाहा. 1930 मध्ये 'अ लेडी टू लव्ह' आला, पूर्ण बोलपट, एमजीएमचा. नायक एडवर्ड रॉबिन्सन, दिग्दर्शक स्वीडनचे शोस्त्रोम. त्याच वेळी त्याची जर्मन आवृत्तीही निघाली आणि तिच्यातही हीच जोडी होती. एकच भूमिका दोन भाषांत करणाऱ्या बाईला बोलता येत नव्हते, असे कसे म्हणावे? त्याच वर्षी, त्याच एमजीएमने ग्रेटा गार्बोला बोलती केले. तिचेही उच्चार परके, पण तिला साजेशी भूमिका निवडली गेली आणि तिच्या बोलण्याचीच जाहिरात झाली. विल्मा 1932 मध्ये 'द रिबेल' साठी युरोपात गेली. या चित्रपटाच्या जर्मन आवृत्तीत नायिका होती लुइझे उलरिख आणि इंग्रजी आवृत्तीत विल्मा बांकी. जिचे इंग्रजी चालत नव्हते म्हणतात, तिचा शेवटचा चित्रपट इंग्रजीतला आहे.

उच्चारांची अडचण नव्हतीच, असे मी म्हणत नाही. ती होती, आणि आपल्याकडेही होती. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, मूकपटांत सगळ्यांत महागड्या नटी होत्या. बोलपट आल्यावर त्यांना काही काळ थांबून हिंदुस्तानी शिकावी लागली. त्या शिकून परत आल्या, कारण त्यांना यायचे होते. विल्माने मात्र 1928 च्या सुमारासच बोलून दाखवले होते, की काही वर्षांत आपण निवृत्त होणार, आपल्याला संसार करायचा आहे. या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. यशाच्या शिखरावरची बाई स्वतःहून उतरते, यापेक्षा तिला ढकलले गेले, ही गोष्ट लोकांना जास्त आवडते. नवऱ्याबरोबर तिने 'चेरीज आर राइप' हे नाटक घेऊन अमेरिकेत दौराही केला, म्हणजे भरलेल्या नाट्यगृहात, तोंडाने, इंग्रजीत.

नंतरची वर्षे शांत गेली. रॉडने चित्रपट सोडून जमीनजुमल्याचा व्यवसाय केला. विल्मा गोल्फ खेळे आणि चांगले खेळे. मूल झाले नाही. रॉडच्या मागे ती एकवीस वर्षांहून जास्त जगली. 1981 मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी तिने दोघांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले.

अखेरची वर्षे आजारपणात गेली आणि भेटायला कोणी आले नाही. माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी निम्म्यांना औषध नको असते, हे मी आता मोकळेपणाने सांगतो. मुले बंगळूरला किंवा परदेशात. गोळ्यांची पुडी हातात घेऊन दारापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. 'डॉक्टर, अजून एक सांगायचे राहिले.' त्यातल्या एका आजींनी मला बजावून ठेवले आहे, 'मी गेले तर पेपरात देऊ नका. जिवंतपणी जो आला नाही, त्याला बातमी कशाला?' मी तेव्हा हसण्यावारी नेले होते.

विल्माने हेच केले. आपल्या मृत्यूची बातमी कुणालाही द्यायची नाही, अशी सूचना तिने वकिलाला देऊन ठेवली होती. 18 मार्च 1991 रोजी लॉस एंजेलिसमध्ये ती गेली आणि अस्थी समुद्रात सोडल्या गेल्या. वर्तमानपत्रांना हे कळले 1992 च्या अखेरीस, तोवर दीड वर्षाहून जास्त काळ उलटून गेला होता. तिच्या सुमारे दोन डझन चित्रपटांपैकी पूर्ण स्वरूपात आज एकतृतीयांशच शिल्लक आहेत. त्यांत 'अ लेडी टू लव्ह' आहे. ज्यांना तिचा आवाज ऐकायचा असेल, त्यांनी तो जरूर ऐकावा.