वहीचे पहिले पान : व्यापारी जैन कुटुंबातील दिवाळीची वाटचाल

आश्विन वद्य अमावस्येला जैन समाजाच्या जीवनात दुहेरी स्थान आहे. पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले ते याच पर्वकाळात आणि त्यापाठोपाठ त्यांचे प्रथम गणधर इंद्रभूती गौतम यांना केवलज्ञान प्राप्त झाले. निर्वाणाची नेमकी वेळ व पूजेचा विधी यांबाबत श्वेतांबर आणि दिगंबर परंपरांत थोडा फरक असला, तरी पर्व एकच आहे. याच दिवशी व्यापारी पेढ्यांवर नव्या वह्यांचे पूजन होते. पहिला प्रसंग सर्वस्वत्यागाचा, तर दुसरा जमा-खर्चाचा. हे दोन्ही एका तिथीवर कसे नांदले आणि एका पिढीच्या डोळ्यांदेखत त्यांचे स्वरूप कसे पालटले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

निर्वाणदीप आणि व्यापारी वर्ष

कल्पसूत्रात असे वर्णन आहे की, काशी-कोसल प्रदेशातील नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी अशा अठरा गणराजांनी त्या अमावस्येला पौषध केला आणि ज्ञानाचा दीप मावळला म्हणून मातीचे दीप उजळण्याचे ठरविले. शके ७०५, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये आचार्य जिनसेनांनी रचलेल्या हरिवंशपुराणातही निर्वाणाच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या दीपालिकेचा उल्लेख आढळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांच्यासारख्या संशोधकांनी दिवाळीच्या इतिहासाची जी साधने अभ्यासिली, त्यांत जैन ग्रंथांना मोलाचे स्थान आहे.

वीर निर्वाण संवत् परंपरेनुसार इसवी सनपूर्व ५२७ पासून मोजला जातो आणि त्याचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. गुजरातेत प्रचलित असलेला विक्रम संवतही कार्तिकातच पालटतो. व्यापाराच्या दृष्टीने हा काळ सोयीचा होता. पावसाळा सरलेला, वाटा मोकळ्या झालेल्या, खरिपाचे पीक बाजारात येऊ लागलेले आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळू लागलेले असत. महाराष्ट्राचे पंचांगवर्ष चैत्रात सुरू होत असले, तरी बलिप्रतिपदा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्याने येथील बाजारपेठांनीही दिवाळी ते दिवाळी हेच हिशेबाचे वर्ष मानले.

एका आयुष्यातील स्थित्यंतरे

१९४५ च्या सुमारास जन्मलेल्या, कापडाच्या पेढीवर वाढलेल्या एखाद्या श्रावकाचे आयुष्य डोळ्यांसमोर आणले, तर हा इतिहास अधिक स्पष्ट होतो. त्याच्या बालपणी दिवाळीपूर्वीच लाल खारव्याच्या बांधणीच्या नव्या वह्या घरात येत. दौत भरणे आणि बोरू तासून ठेवणे हे मुलांचे मानाचे काम असे. वर्षातून एकदाच कापड घेणारी गिऱ्हाइके सायंकाळपर्यंत हटत नसत. कापड व्यापाऱ्याच्या घरी दिवाळी सर्वांत उशिरा येते, असे म्हणण्याची पाळी येई. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया प्रतिक्रमणास बसत. काहींचा दोन दिवसांचा छठ्ठ तप असे. पुरुष मंडळी गादीवर पांढरी चादर अंथरून मुहूर्ताची वाट पाहत.

मुहूर्तावर वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक काढला जाई. त्याखाली एकापासून वाढत जाणाऱ्या ओळींत 'श्री' लिहून शिखर रचले जाई. श्वेतांबर घरांत त्यापुढे गौतमस्वामींची लब्धी, भरत चक्रवर्तींची ऋद्धी, बाहुबलींचे बळ, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य आणि धन्ना-शालिभद्रांची संपदा लाभो, अशी प्रार्थना लिहीत. दिगंबर घरांत महावीर आणि गौतम गणधर यांना वंदन करून केवलज्ञानरूपी लक्ष्मीचे स्मरण केले जाई आणि मंदिरात निर्वाणलाडू अर्पण होई. पान, सुपारी आणि चांदीचे नाणे वहीवर ठेवले की पूजन संपन्न होई.

या पूजनामागे एक कठोर शिस्त होती. दिवाळीपूर्वी कीर्द आणि खतावणी जुळली पाहिजे, तेरीज मिळाली पाहिजे, देणे चुकते झाले पाहिजे, हा दंडक असे. एका आण्याचा फरक पडला तरी मुनीम रात्र रात्र जागत. ज्याचे देणे थकले असेल, तो दिवाळीला तोंड चुकवी. आणि खरोखरच अडलेल्या कुळाचे येणे सोडून देण्याची वेळही हीच असे. नव्या वहीत धर्मादा खाते काढले जाई. गावोगावची मंदिरे, पाठशाळा, धर्मशाळा आणि पांजरपोळ यांना त्यातूनच आधार मिळत गेला.

हा मुलगा बारा वर्षांचा असताना, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आणे आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढील पाच-सहा वर्षांत वाराची जागा मीटरने घेतली. वहीतील आकडे बदलले, परंतु वहीचे पहिले पान तसेच राहिले. तो तिशीत आला तेव्हा, १९७४-७५ मध्ये भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव देशभर साजरा झाला. त्या निमित्ताने सर्व संप्रदायांनी एक ध्वज व एक प्रतीक स्वीकारले आणि 'समणसुत्तं' हा सर्वमान्य ग्रंथ सिद्ध झाला. दिवाळी म्हणजे प्रथमतः निर्वाण कल्याणक, ही जाणीव त्या वर्षी अनेक घरांत नव्याने जागी झाली.

खरा बदल मात्र कायद्याने घडविला. तोवर आयकरासाठी व्यापाऱ्याला आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मुभा होती. १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष सर्वांना बंधनकारक केले आणि १९८९-९० या आकारणी वर्षापासून ते लागू झाले. परिणामी १९८७ च्या दिवाळीला उघडलेल्या वह्या ३१ मार्च १९८९ पर्यंत चालवाव्या लागल्या. सुमारे सतरा महिन्यांचे हे वर्ष जुन्या व्यापाऱ्यांना विलक्षण वाटले. १९८८ ची दिवाळी आली, तेव्हा पूजन झाले. परंतु ताळेबंद झाला नाही. शतकानुशतके एकत्र असलेले दोन धागे त्या अमावस्येला सुटे झाले.

पुढे संगणक आला आणि मुनिमांची गादी गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा हा श्रावक बहात्तर वर्षांचा होता. हिशेब आता वर्षाचा राहिला नाही, महिन्या-महिन्याचा झाला. आज अनेक पेढ्यांवर संगणकालाच कुंकवाचा टिळा लावला जातो. लाल वही अजूनही विकत आणली जाते, तिचे पहिले पान भक्तिभावाने लिहिले जाते आणि उरलेली सर्व पाने कोरीच राहतात. पूर्वी पूजनाला दूर बसणाऱ्या लेकीसुना आज सनदी लेखापाल होऊन पेढीचा संपूर्ण ताळेबंद मांडतात आणि पूजनालाही पुढे बसतात, हा बदल सर्वस्वी स्वागतार्ह आहे. जीवहिंसा टाळण्यासाठी फटाके वर्ज्य करणारी मुलेही घरोघरी दिसतात.

कोऱ्या पानांचा प्रश्न

मग कोऱ्या राहणाऱ्या वहीचे पूजन कशासाठी, असा प्रश्न नवी पिढी विचारते. तो उद्धटपणाचा नाही, त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ते उत्तर पहिल्या पानावरील नावांतच सापडते. भरत चक्रवर्तींनी षट्खंडाचे राज्य सोडले. बाहुबलींनी जिंकलेले राज्य क्षणात त्यागले. अभयकुमारांनी मगधाचे मंत्रिपद सोडून दीक्षा घेतली. धन्ना आणि शालिभद्र अमाप वैभवातून उठून साधू झाले. गौतमस्वामींकडे तर भिक्षापात्राखेरीज काहीच नव्हते आणि गुरूंविषयीचा अखेरचा रागही गळून पडला, तेव्हाच त्यांना केवलज्ञान झाले. नफ्याच्या वहीचा आरंभ ज्यांच्या नावांनी होतो, ते बहुतेक सारे सोडून देणारे आहेत. पूर्वजांनी धन मिळविण्यास मनाई केली नाही. ते कोठवर आपले मानावे, याची आठवण मात्र त्यांनी वहीच्या दारातच बसवून ठेवली.

परिग्रहपरिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत आहे. आपल्याकडे किती आहे हे ठाऊक असल्याखेरीज मर्यादा पाळता येत नाही. म्हणून हिशेब हे व्रताचेच साधन ठरते. ३१ मार्चचा हिशेब सरकारला द्यावयाचा असतो, दिवाळीचा स्वतःला. कायद्याने पहिला निराळा केला, तेव्हा दुसऱ्यासाठी वही मोकळी झाली, असेही म्हणता येईल.

त्या कोऱ्या पानांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. वर्षभरात दिलेले दान, सोडून दिलेले येणे, घेतलेले आणि मोडलेले नियम, कोणाचा राहून गेलेला शब्द, पुढील वर्षासाठी ठरविलेली परिग्रहाची मर्यादा, यांची नोंद कोणत्याही संगणकात होत नाही. ज्येष्ठांनी हातात लेखणी आहे तोवर नातवंडांना शेजारी बसवून एक-दोन पाने लिहावीत. पहिले पान कसे लिहावे हे मुले पाहून शिकतात. दुसऱ्या पानावर काय लिहावे, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनीच त्यांना सांगितले पाहिजे.