पुप्पी आणि तिचे बाबा

पंधरा वर्षांचं वय म्हणजे आईबाबांवर रुसायचं वय. बाबांना माझं काही कळतच नाही, बाबा उगाच ओरडतात वगैरे. त्या वयात कुणी येऊन सांगितलं की तुझ्या बाबांनी लाखो माणसं मारली, तर?

गुडरून हिमलरवर १९४५ साली ही वेळ आली. हाइनरिख हिमलर हा नाझींच्या एसएसचा प्रमुख, सगळ्या छळछावण्या त्याच्या हाताखाली. घरी मात्र ही लेक त्याची लाडकी 'पुप्पी', म्हणजे बाहुली. १९४१ मध्ये त्याने तिला डाखाऊची छावणी दाखवायला नेलं होतं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने डायरीत काय लिहावं? तिथली बाग, कैद्यांनी काढलेली चित्रं आणि नंतरचं छान जेवण!

मे १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या कैदेत हिमलरने सायनाइड खाल्लं. खटला चाललाच नाही. मुलीच्या हाती उरले ते फक्त लाड. बाबांनी आत्महत्या केली हेही तिने कधी मानलं नाही.

मला त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा राग येत नाही. तिने आणखी काय करायला हवं होतं? पण पंधरावं वर्ष सरतं ना. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझनानला हिमलर आपल्या अधिकाऱ्यांसमोर ज्यूंच्या संहाराबद्दल उघड बोलला होता. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. म्हणजे खटला नसला तरी बाबांचा कबुलीजबाब होता, त्यांच्याच आवाजात. गुडरून मात्र शिक्षा झालेल्या नाझींना मदत करणाऱ्या संघटनेत राबत राहिली. २०१८ साली, ८८ व्या वर्षी ती गेली, तोवर बाबा निर्दोषच.

याउलट निकलास फ्रांक. व्याप्त पोलंडचा कारभारी हान्स फ्रांक याचा हा मुलगा. १९४६ मध्ये बापाला फाशी झाली तेव्हा तो अवघा सात वर्षांचा होता. पुढे १९८७ साली त्याने बापाचे वाभाडे काढणारं पुस्तक लिहिलं. जर्मनीत अनेकांना ते रुचलं नाही. बापाबद्दल असं लिहितात का, म्हणून.

मला वाटतं, पुप्पीचे लाड खोटे नव्हते. हिमलर खरंच प्रेमळ बाप असेल, आणि अवघड आहे ते हेच. घरातल्या मायेने बाहेरचा गुन्हा पुसला जात नाही, आणि गुन्हा कळला म्हणून आठवणीही पुसल्या जात नाहीत. दोन्ही एकत्र सांभाळायचं बळ पंधराव्या वर्षी कुणाकडून मागू नये. पण कधीतरी ते आपलं आपल्यालाच कमवावं लागतं.

तुम्हाला काय वाटतं?