आमच्या गावी आलेले परदेशी पाहुणे

परदेशी पाहुणा ही आपल्या रेवदंड्याला नवी गोष्ट नाही. हल्ली समुद्रावर, किल्ल्याच्या तटाशी, नाहीतर कोर्लईच्या वाटेवर गोरी माणसे दिसली की आपण म्हणतो, 'आता आपलेही गाव पर्यटनाचे झाले!' मुले त्यांच्यामागे धावतात, तरुण मंडळी त्यांना मध्ये उभे करून फोटो काढून घेतात, आणि आपण बायका पदर सावरून दुरून पाहतो. पण भगिनींनो, हे पाहणे आणि पाहून घेणे आपल्या गावात हजार वर्षांहून अधिक काळ चालले आहे. त्याचीच थोडी हकिकत या लेखात सांगावयाची आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम, हे मी जाणून आहे. परंतु अध्यक्षबाईंनी वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा पाककृती न देता गावाविषयी लिहावे असे मनात आले. दुपारची निरवानिरव झाल्यावर वाचनालयातून आणलेली पुस्तके वाचली, काही माझ्या मुलीने वाचून दाखविले, आणि बाकीचे घरात व शेजारी ऐकले. त्यातून हे चार शब्द जुळविले आहेत.

आपले रेवदंडा आणि शेजारचे चौल ही पूर्वी एकाच मोठ्या बंदराची दोन अंगे होती. या बंदराचे नाव ग्रीकांच्या जुन्या ग्रंथांत 'सिमुल्ला' असे येते, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ते 'चेमुल' म्हणून कोरलेले आहे. अरब लोक याला 'सैमूर' म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा अल्‌ मसूदी नावाचा मोठा प्रवासी येथे आला. त्या वेळी कोकणात शिलाहारांचे राज्य होते व झंझ राजा गादीवर होता. येथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे मसूदीने लिहून ठेवले आहे. बसरा, बगदाद, ओमान अशा ठिकाणांहून ते व्यापारासाठी आलेले होते, आणि त्यांच्यातले कितीतरी येथेच जन्मलेले होते. म्हणजे पाहुणा म्हणून आलेला माणूस घर करून राहिला, त्याची मुले येथल्या विहिरीचे पाणी पिऊन वाढली, हे आपल्या गावात तेव्हाही घडत होते.

यानंतरचा पाहुणा आपल्या ओळखीचा आहे, कारण शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्तंभ उभा आहे. हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन. व्यापाराला म्हणून घरून निघाला, वाटेत लुटला गेला, आणि रिकाम्या हाताने परत कसे जावे म्हणून पुढे पुढे चालत राहिला. इराण ओलांडून तो होर्मुझला आला, आणि तेथून एक घोडा घेऊन जहाजाने इ. स. १४७० च्या आसपास आपल्या चौलाला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. त्याच्याही पाव शतक आधी हा एकटा माणूस, ना फौज ना तोफ, विकायला आणलेला एक घोडा घेऊन आपल्या बंदरात उभा होता!

त्याने आपल्या वहीत चौलाबद्दल लिहिलेले वाचून मला हसू आवरेना. आपण जेथे जातो तेथे बायका-पुरुष मागे लागतात आणि गोऱ्या माणसाचे नवल करतात, असे तो सांगतो. साडेपाचशे वर्षे झाली, पण आपली ही सवय काही सुटली नाही. मात्र तोही आपल्याकडे तसाच टक लावून पाहत होता. येथल्या बायका डोक्यावर काही घेत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, आणि स्त्री-पुरुषांच्या अंगावर वस्त्रे अगदी तोकडी असतात, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले. भगिनींनो, समुद्रावर येणाऱ्या मडमांच्या तोकड्या कपड्यांबद्दल मंडळाच्या बैठकीत आपण किती वेळ बोललो होतो ते आठवते ना? त्या रशियन माणसाच्या घरी पणजी-खापरपणजीसमोर आपल्याबद्दल हीच चर्चा झाली असती. थंड मुलखातला तो, त्याला दमट हवेतले पातळ वस्त्र कसे कळावे! ज्याने त्याने आपल्या हवेप्रमाणे आणि आपल्या काळाप्रमाणे नेसावे, आणि दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी एवढे आठवावे, असे मला ते वाचून वाटले.

पुढे तो घाट चढून जुन्नरला गेला. तेथे पावसाळाभर अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा देतो, असा पेच घातला. परमुलखात एकटा माणूस, पण तो आपल्या धर्मावरून ढळला नाही. शेवटी एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून त्याला सोडविले व घोडाही परत मिळवून दिला. येथले लोक उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरीत नाहीत, प्रवासात जो तो आपल्या भांड्यात आपले अन्न शिजवितो, हेही त्याने टिपले आहे. घोड्यांना खिचडी खाऊ घालतात असेही लिहिले आहे, आणि 'खिचडी' हा शब्द त्याने आपलाच घेतला आहे. बिचारा आपल्या गावी पोहोचण्याआधीच वाटेत वारला. त्याची वही मात्र रशियात पोहोचली. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा चित्रपट निघाला. त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते. २००२ साली आपल्याकडे तो स्तंभ उभारला गेला. आता रशियन लोक तो पाहायला येतात तेव्हा चौकशी करतात की तो उतरला ते बंदर कोठे? जुने बंदर गाळाने भरून गेले, हे त्यांना हाताच्या खुणांनी सांगावे लागते.

निकितिननंतर आले ते पोर्तुगीज, आणि हे पाहुणे निराळ्या जातीचे. १५०८ साली येथल्या खाडीत त्यांची मोठी आरमारी लढाई झाली. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी किल्ला बांधावयास घेतला. ज्या तटाच्या आत आज आपली घरे व नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, तो हाच तट. ज्याला आपण सातखणी म्हणतो त्या मनोऱ्याचे आता चारच मजले उभे आहेत. दोनशे वर्षांहून अधिक काळ त्यांचा अंमल चालला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि १७४० साली रेवदंडा मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या पदरी राहून ख्रिस्ती झालेली आपलीच माणसे खाडीपलीकडे कोर्लईला राहिली. त्यांच्या घरांतून आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणाची बोली बोलली जाते. मुलांना शाळेत मराठी शिकवितात, आणि ती बोली टिकली आहे ती घरात, आईच्या तोंडून. एका अमेरिकन अभ्यासकाने १९९६ साली या बोलीवर पुस्तक प्रसिद्ध केले. इतक्या दुरून माणूस आला, आणि त्याने जे टिपले ते चुलीजवळचे बोलणे होते.

पोर्तुगीजांच्याच काळात, १५८३ साली, राल्फ फिच नावाचा इंग्रज येथून गेला. तो पाहुणा कसला, पोर्तुगीजांचा कैदी होता, त्याला गोव्याला नेत होते. तरी त्याची नजर आपल्या माडावर ठरली. सबंध जगात इतके उपयोगी झाड नाही, असे त्याचे म्हणणे. माडी, तेल, साखर, शिर्का, दोर, कोळसा, घरावर घालायचे झाप, जहाजांची शिडे, बसायच्या चटया, झाडायचे खराटे असे सारे त्याने मोजून लिहिले आहे. साखर नारळाच्या फळापासून करतात असे मात्र तो लिहितो. हिर काढून खराटा बांधणाऱ्या आपल्यापैकी कोणीही त्याला सांगितले असते की बाबा, गोडवा माडाच्या रसात असतो, तो आटवून गूळ करतात. पण तेव्हा त्याने आपल्या खापरपणज्यांना विचारले नाही, आणि त्यांनी स्वतः कोठे लिहून ठेवले नाही. म्हणून चारशे वर्षांनीही ती नोंद आहे तशीच छापली जाते.

आता अखेरच्या पाहुण्यांविषयी. यांना परदेशी म्हणताना माझी जीभ अडखळते. हे बेने इस्राएल. फार फार वर्षांपूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, त्यातून सात जोडपी वाचली व त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. ते येथेच स्थायिक झाले, घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी, आणि आडनावे आपल्या गावांची : पेणकर, किहीमकर, रोहेकर, नवगावकर, आणि आपल्या चौलावरून चेऊलकर. रेवदंड्यातील त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४२ सालचे. १९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला. पुढे १९५० व ६० च्या दशकांत त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे तिकडे निघून गेली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीत अशीच एक पाहुणी आली. बरोबर नातू होता. पांढरे आखूड केस, पायांत बूट, अंगात झगा. मी हिंदीत विचारले, 'किसका घर चाहिए?' तर ती मराठीत म्हणाली, 'बाय, मी सात वर्षांची होते तेव्हा गेलो आम्ही. आमच्या घरामागे रहाटाची विहीर होती. माझी आजी तेथे पाणी शेंदायची.' भगिनींनो, 'शेंदायची' हा शब्द माझ्या मुलीला कळला नाही. आपल्या घरांत पंप आले आणि तो शब्द मागे पडला. तिकडे हजारो कोसांवर, दुसऱ्या भाषेच्या देशात, त्या बाईने तो सत्तर वर्षे सांभाळून ठेवला होता.

माझ्या सासूबाईंचे माहेर व सासर दोन्ही येथलेच. त्यांचे वय ८२. त्या काठी टेकीत बाहेर आल्या. विहिरीपलीकडे जांभ्याचा जोता आहे, तोच त्या घराचा, हे त्यांनी क्षणात सांगितले. घर केव्हाच पडले होते. जोत्यावर अळू माजले होते. पाहुणी तेथे थोडा वेळ उभी राहिली, मग ओट्यावर येऊन बसली. मी ओले खोबरे घालून पोहे दिले. त्यांच्या घरी मलिद्याला असेच गोड पोहे करतात, असे तिने सांगितले. नवस फेडताना आणि शुभकार्याच्या वेळी एलियाहू पैगंबराच्या नावाने हा मलिदा करण्याची त्यांची रीत आहे. दोघी म्हाताऱ्यांनी मग कोणाच्या दारात कोणते झाड होते, कोणाचा घाणा कोठे होता, शुक्रवारी संध्याकाळी कोणाकडे दिवे लागत, अशी सगळी आळी पुन्हा उभी केली. नातवाला भाषा येत नव्हती, पण तो मोबाईलवर सारे उतरवून घेत होता. मी मनात म्हटले, हेही आता त्यांच्याकडेच जाणार!

मला त्या मुलाविषयी तक्रार नाही. त्याने केले ते उत्तमच केले. पण मसूदी, निकितिन, फिच, कोर्लईचा तो अभ्यासक आणि आता हा नातू, यांनी लिहिले म्हणून आपले गाव पुस्तकांत आले, आणि त्यांना जेवढे दिसले तेवढेच आले. घराच्या आतले, विहिरीवरचे, माजघरातले गाव त्यांना दिसले नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्या माझ्या सासूबाईंसारख्या बायका आता गावात मोजक्याच उरल्या आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची स्मृतीही अधूनमधून दगा देऊ लागली आहे. त्या जोत्याविषयी आज कोणी विचारले तर त्या पुष्कळ वेळा नुसत्या पाहत राहतात.

म्हणून माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. आपण भजन, हळदीकुंकू, पापड-लोणच्यांचे वर्ग नियमाने चालवितो, तसे या वर्षापासून गावाची एक वही घालावी. प्रत्येक आळीतील दोघींनी आपल्या आळीतल्या सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून तिच्या तोंडचे लिहून घ्यावे. विहिरींची व वाड्यांची नावे, पडलेल्या घरांचे धनी, निघून गेलेले शेजारी, त्यांचे सण, त्यांची पक्वान्ने, वापरातून गेलेले शब्द, असे सारे यावे. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या भगिनींनाही आमंत्रण द्यावे, त्यांच्या बोलीतील म्हणी व अंगाईगीते त्यांच्याकडूनच घ्यावीत. यासाठी फार शिक्षण लागत नाही. माझ्याइतके, सातवीपर्यंतचे, पुरते. खर्च म्हणाल तर शंभर पानी वहीचा, आणि पहिली वही मी देते.

पाहुणे येतच राहतील. त्यांना चहा द्यावा, वाट दाखवावी, मुलांनी त्यांच्या अंगावर गर्दी करू नये एवढे पाहावे. आणि त्यांनी आपल्या गावाविषयी विचारले म्हणजे ती वही उघडून दाखविता यावी. पुढील वर्धापनदिनापर्यंत निदान चार आळ्या लिहून व्हाव्यात अशी इच्छा व्यक्त करून, मंडळाच्या उत्कर्षासाठी रामेश्वराच्या चरणी प्रार्थना करते व हा लेख पुरा करते.

– एक सभासद