मराठी मुलखातील जुन्या स्पोर्ट्‌स कार : मालकी, व्यापार आणि कायदा

दोनच माणसांची बैठक, जमिनीलगतचा बुटका सांगाडा आणि वजनाच्या मानाने ताकदवान इंजिन ही स्पोर्ट्‌स कारची स्थूल लक्षणे होत. वेग आणि वळणांवरील ताबा यांचा आनंद हेच तिचे प्रयोजन असल्याने चांगला रस्ता, हाती पैसा आणि सरकारची परवानगी या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज ती कोठेही रुजत नाही. उदाहरणार्थ, नांदेड जिल्ह्यातील मुखेड परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू केली खरी, पण बालाघाटचे चढउतार आणि पावसाळ्यात चाके रुतवणारी काळी जमीन असलेल्या या भागात शौकाच्या मोटारीला वाव नव्हता.

त्या काळी असा शौक संस्थानिकांनाच परवडत असे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे मोटार घेतली आणि तिची दोन आसनी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून घडवून घेतली. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून शक्ती वाढवणारे यंत्र, जोडलेले असून कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करीत असे. ही मोटार पुढे अमेरिकेत गेली, आणि संस्थानी संग्रहांतील इतर अनेक मोटारींनीही परदेशाचीच वाट धरली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५० च्या दशकात आपला कारखाना बंद केला, त्यामुळे देशात आधीच असलेल्या मोटारींचेच मोल वाढले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाल्यावर त्यांच्या मोटारींच्या विक्रीला वेग आला, तर पुढे जुन्या मोटारींच्या निर्यातीला बंदी झाल्याने हा व्यवहार देशांतर्गत खरेदीदारांपुरता उरला. नवा भाग मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या चोर बाजारातील जुने सामान आणि लेथवर भाग कातून देणारे कारागीर यांच्याच बळावर या गाड्या चालत्या राहिल्या. म्हणूनच त्या टिकवण्याचे श्रेय मालकांइतकेच या कामगारांनाही द्यावे लागते.

उदारीकरणानंतर स्पोर्ट्‌स कार इथेच घडू लागल्या. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही उघड्या छताची मोटार बाजारात आणली, तर अलिबागच्या चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली. दोहोंची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे काचतंतू रेझिनमध्ये बसवून केलेली असल्याने महागडे प्रेस-साचे न लावता थोड्या संख्येत उत्पादन शक्य झाले. मात्र स्टॉर्मला रेनोचे इंजिन होते, तर रोडस्टरला अँबेसेडरमध्ये वापरले गेलेले इसुझू इंजिन असल्याने तिची दुरुस्ती भारतीय मेकॅनिकच्या अधिक परिचयाची राहिली. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी हा फरक रंगरूपाहून महत्त्वाचा ठरतो.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र दर्जा दिला. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची असते, मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन वा देखभाल यांसारख्या ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. परिणामी नांदेडच्या एमएच-२६ किंवा लातूरच्या एमएच-२४ या मालिकेतील एखादी हौसेची मोटार १५ वर्षांनंतर फेरनोंदणीच्या फेऱ्यात येते, तर व्हिंटेज दर्जासाठी तिला आणखी ३५ वर्षे थांबावे लागते. गोवा आणि मराठी मुलखात घडलेल्या स्टॉर्म आणि रोडस्टर याच मधल्या अवस्थेत आहेत. संस्थानी मोटारी जशा गेल्या तशा याही हातातून जाऊ नयेत, यासाठी मूळ नोंदणीची कागदपत्रे, सुटे भाग आणि कारागिरांचे ज्ञान आत्ताच जतन करणे अगत्याचे आहे.