गाडी कोणाकोणाला ओळखते?

गेल्या वर्षी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली. आरसी नावावर झाली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि पहिल्याच रविवारी मी आणि माझा मामेभाऊ पुण्याहून साताऱ्याकडे निघालो. फोन काही केल्या गाडीला जोडला जाईना. स्क्रीनवर फोनचं नाव दिसायचं, बोट लावलं की चक्र फिरायचं आणि मग नकार. कात्रजच्या बोगद्यापासून खंबाटकीच्या घाटापर्यंत भाऊ तेवढंच करत होता. शेवटी एका टपरीपाशी गाडी लावली, चहा सांगितला आणि सेटिंगमध्ये शिरलो.

तिथे जोडलेल्या फोनांची यादी होती. 'पप्पा', 'ताई नवीन', 'ऑफिस' अशी पाच नावं. यादी भरलेली होती, सहाव्या फोनला जागाच नव्हती. शेजारच्या रकान्यात शेवटचे कॉल दिसत होते : 'आई', 'आई', 'डॉक्टर', 'आई'.

"दादा, यांच्याकडे काय झालं असेल रे?" भाऊ म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गाडी इतकं सगळं लक्षात का ठेवते आणि तरीही माझा फोन का ओळखत नाही, हा प्रश्न डोक्यात राहिला. नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं, की गाडी आणि बिनतारी यंत्र यांचं भांडण जवळपास शंभर वर्षांचं आहे. आपण रविवारी सकाळी ज्याच्याशी झगडतो, ते त्या भांडणाचं ताजं टोक.

सुरुवातीला प्रश्न ओळखीचा नव्हता, गोंगाटाचा होता. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडते. मार्कोनीच्या काळात बिनतारी संदेश पाठवायचे तेही ठिणगीनेच. म्हणजे प्रत्येक मोटार हे एक चालतंफिरतं, बेशिस्त प्रक्षेपण केंद्र होतं. गाडीत रेडिओ बसवला की त्यात गाण्याऐवजी आपल्याच इंजिनाची खरखर ऐकू यायची. शिकागोतल्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांच्या कंपनीने १९३० साली या खरखरीचा बंदोबस्त केला. प्लगच्या तारांवर रोधक बसवले, तारा झाकल्या आणि परवडेल असा गाडीचा रेडिओ बनवला. पॉल गॅल्विन तो आपल्या स्टुडबेकर गाडीत बसवून अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला घेऊन गेले. 'मोटर'ला त्या काळातल्या ग्रामोफोनांच्या नावांमधलं 'ओला' हे शेपूट जोडून त्यांनी नाव दिलं : मोटोरोला. आपल्यातल्या अनेकांच्या घरातला पहिला मोबाइल ज्या नावाचा होता, ते नाव मुळात गाडीच्या रेडिओचं आहे.

पुढची पायरी बोलण्याची. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात गाडीतून टेलिफोन करण्याची व्यावसायिक सेवा सुरू झाली. यंत्राचं वजन सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. कॉल ऑपरेटरमार्फत लागायचा आणि बोलताना बटण दाबून धरावं लागायचं. शिवाय अख्ख्या शहरात एका वेळी मोजकेच कॉल होऊ शकत, कारण हवेत तेवढ्याच वाटा मोकळ्या होत्या. गोंगाटानंतरची ही दुसरी अडचण : हवा कोणाची?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं 'सरकारची' असंच होतं. १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. घरात साधा रेडिओ असला तरी पोस्टात जाऊन दर वर्षी फी भरायची आणि पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचं. आजी-आजोबांना विचारून बघा, एखाद्याच्या ट्रंकेत ती पुस्तिका अजून सापडेल.

ब्लूटूथ ज्या हवेत चालतं तो पट्टा मात्र विचित्र मार्गाने मोकळा झाला. १९४७ साली अटलांटिक सिटीतच आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. तिथे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. ही यंत्रं संदेश पाठवत नाहीत, पण लहरी सोडतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातलाच. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हा असा, गावाबाहेरच्या कचऱ्याच्या जागेसारखा होता. १९८५ साली अमेरिकेच्या नियामकाने ठरवलं, की या जागेत कमी ताकदीच्या यंत्रांनी विनापरवाना बोलायला हरकत नाही. अट एकच : एका जागी ठाण मांडायचं नाही, संदेश पसरून पाठवायचा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या नियमांनी विनापरवाना झाला. पोस्टातल्या पुस्तिकेपासून इथवर यायला सात दशकं लागली.

एका जागी न थांबण्याची युक्ती त्याहून जुनी आहे. हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये एक पेटंट मिळालं. पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला दिलेला आदेश शत्रूने अडवू नये म्हणून लहरींची पट्टी सतत बदलत राहायची. दोन्ही टोकांना पियानोच्या स्वयंचलित रोलसारखी छिद्रांची एकसारखी पट्टी आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ जागा. अमेरिकन नौदलाने युद्धात ती कल्पना वापरली नाही. पट्टी बदलण्याची कल्पना इतरांनाही सुचली होती, त्यामुळे 'ब्लूटूथचा शोध नटीने लावला' हे व्हॉट्सॲपी वाक्य खरं नाही. पण नातं आहे. ब्लूटूथमध्ये ७९ जागा असतात आणि फोन व गाडी सेकंदाला १६०० वेळा उडी मारतात. दोघांनी एकाच वेळी एकाच जागी उडी मारली तरच संवाद होतो. पूर्वीपासून ठरवलेला नाच म्हणा ना.

हा नाच बसवला तो स्वीडनमधल्या लुंड शहरात. एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हा डच इंजिनिअर १९९४ पासून फोन आणि हेडसेटमधली वायर काढून टाकण्याच्या कामाला लागला. पुढे कंपन्या एकत्र येऊ लागल्या तेव्हा या तंत्राला एक नाव हवं होतं. इंटेलचा जिम कार्डाक आणि एरिक्सनचा स्वेन मॅटिसन टोरांटोत एका बारमध्ये इतिहासावर गप्पा मारत बसले होते. मॅटिसनने त्याला वायकिंगांवरची एक स्वीडिश कादंबरी सुचवली. त्यातून कार्डाकला दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड 'ब्लूटूथ' भेटला. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले, असं येलिंगच्या शिलालेखावर कोरलेलं आहे. हे नाव तात्पुरतं होतं. 'रेडिओवायर' आणि 'पॅन' अशी नावं शर्यतीत होती. एकाचा ट्रेडमार्क वेळेत तपासून झाला नाही आणि दुसरा शब्द आधीच सगळीकडे वापरात होता. तात्पुरतं तेच कायम झालं. फोनवरचं ते निळं चिन्ह म्हणजे राजाच्या आद्याक्षरांच्या दोन रून लिपीतल्या खुणा एकावर एक ठेवलेल्या आहेत.

१९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी गट जाहीर केला. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण भाषा एक ठेवायची असं ठरलं. ठरवणं सोपं होतं. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत एकाचं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलेलच याची खात्री नव्हती. म्हणून इंजिनिअर आपापली यंत्रं घेऊन एका ठिकाणी जमू लागले आणि प्रत्येक यंत्र प्रत्येकाशी जोडून बघू लागले. त्या मेळाव्यांना त्यांनी 'अनप्लगफेस्ट' असं नाव दिलं. आपण घाटात करतो तेच काम, फक्त पगारी.

आता गाडीकडे येऊ. हा इतिहास कळला की बिघाडही कळायला लागतात.

गाणी वाजतात पण कॉलचा आवाज फोनमधूनच येतो, असं अनेकदा होतं. कारण ब्लूटूथ ही एक भाषा नाही, बोलींचा समूह आहे. गाण्यांची बोली वेगळी, कॉलची वेगळी, फोनबुक गाडीला देण्याची तिसरी. फोनच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे 'कॉल', 'मीडिया', 'संपर्क' अशा वेगळ्या खुणा असतात. एखादी बंद असेल, तर बाकी सगळं जोडलेलं दिसूनही तेवढंच चालत नाही.

'काल चालत होतं, आज नाही' याचं कारण बहुतेक वेळा ओळखपत्रात असतं. पहिल्या जोडणीत फोन आणि गाडी मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पूर्वी त्यासाठी ०००० किंवा १२३४ टाकावं लागायचं. २००७ च्या आवृत्तीपासून दोन्ही पडद्यांवर तोच सहा आकडी अंक दिसतो आणि आपण फक्त 'हो' म्हणतो. फोन रीसेट झाला की एका बाजूची किल्ली हरवते. गाडी मात्र जुनीच किल्ली घेऊन दारात उभी. म्हणून एकाच बाजूने 'विसरा' म्हणून भागत नाही. फोनमधून गाडी काढायची, गाडीतून फोन काढायचा आणि पुन्हा नव्याने ओळख करून द्यायची.

नकाशा गाडीच्या पडद्यावर बिनवायर दिसत असेल, तर ब्लूटूथ फक्त मध्यस्थ असतं. ते ओळख पटवतं आणि भारी काम वायफायकडे सोपवतं. त्यामुळे फोनचं वायफाय बंद असेल, तर ब्लूटूथ जोडलेलं दिसूनही पडदा काळाच राहतो.

हे सगळं फक्त गाण्यांसाठी नाही. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं आहे. त्यामुळे ही जोडणी चैन राहिलेली नाही. पण घाटात जोडणी तुटली, म्हणून स्टिअरिंग सोडून सेटिंग शोधणं हे फोन हातात धरण्याइतकंच वाईट. गाडी बाजूला घ्या, चहा सांगा.

टपरीवर आम्ही ते पाचही फोन गाडीतून पुसले. 'आई' पुसताना भाऊ जरा थांबला. मग म्हणाला, "त्यांच्या फोनमध्ये असेलच की." यादी रिकामी झाली आणि माझा फोन पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. सातारा येईपर्यंत आम्ही गाणी ऐकली, पण माझं लक्ष गाण्यात नव्हतं. आमची आधीची गाडी मी चार महिन्यांपूर्वी बारामतीच्या एका गृहस्थांना विकली होती. कागदपत्रं तपासली, सीटखालची चिल्लर काढली, गणपती काढून घेतला. गाडीची आठवण पुसली नव्हती.

संध्याकाळी त्यांना फोन केला. म्हटलं, "काका, एक राहून गेलं. सेटिंगमध्ये माझा फोन दिसत असेल, तो काढून टाका. नाहीतर फॅक्टरी रीसेटच मारा."

"दिसतोय ना," काका म्हणाले. "शेवटचे कॉल पण दिसतात. वरती 'आई' असं आहे, म्हणून आम्ही हात नाही लावला."

चार महिने एका अनोळखी घराने माझ्या आईचं नाव सांभाळलं होतं. मी मात्र तासाभरात दुसऱ्याच्या आईचं नाव पुसून टाकलं होतं. तरीही पुसलं तेच बरोबर होतं, आणि काकांनाही मी तेच करायला सांगितलं. गाडी विकताना किल्ल्या दोन असतात. एक आपण हातात देतो, दुसरी यंत्रात राहते. तीही काढून घ्यायची असते.