डिस्ने स्टुडिओ व डिस्नेलँड : पडद्यामागचा इतिहास

डिस्ने स्टुडिओ : अमेरिकेतील अ‍ॅनिमेशनपटांची अग्रगण्य निर्मितिसंस्था. वॉल्ट डिस्ने (१९०१–६६) आणि त्यांचे थोरले बंधू रॉय (१८९३–१९७१) यांनी १६ ऑक्टोबर १९२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ती सुरू केली. वॉल्टने चित्रे काढायची आणि रॉयने हिशेब सांभाळायचे, अशी वाटणी होती. पुढे दोन-चार वर्षांतच वॉल्टने पेन्सिल जवळजवळ खाली ठेवली. कल्पना त्यांच्या, हात इतरांचे.

संस्थेचा पुढचा स्वभाव घडला तो १९२८ मध्ये. ‘ओस्वाल्ड’ नावाच्या सशाचे बोलपट-पूर्व व्यंगपट चांगले चालले होते. वॉल्ट वाढीव पैसे मागायला न्यूयॉर्कला गेले, तर वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी रक्कम उलट घटवली. स्टुडिओतले बहुतेक चित्रकार त्यांनी आधीच फोडले होते आणि सशाचे हक्क युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीकडे होते. फुटला नाही तो अब आयवर्क्स. करारातले उरलेले ओस्वाल्डपट इतर चित्रकार पुरे करत असताना आयवर्क्स बंद दाराआड एका उंदरावर काम करत होते. दिवसाला सातशेपर्यंत चित्रे, तीही एकट्याने. हाच मिकी. त्याचा ध्वनियुक्त ‘स्टीमबोट विली’ १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात झळकला. १९४७ च्या सुमारापर्यंत मिकीचा आवाज खुद्द वॉल्टचाच होता. आपण घडवलेले दुसऱ्याच्या नावावर राहू द्यायचे नाही, हा ओस्वाल्डने दिलेला धडा मात्र वॉल्टनी जन्मभर गिरवला.

‘स्नो व्हाइट’ (१९३७) या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटावर सुमारे १५ लाख डॉलर खर्च झाले. त्यासाठी ऑस्करच्या एका मोठ्या बाहुलीबरोबर सात छोट्या बाहुल्या देण्यात आल्या. या यशाच्या पैशातून बरबँकला नवा स्टुडिओ उभा राहिला आणि त्याच्याच दारात २९ मे १९४१ रोजी कलाकार संपावर बसले. पगारातली तफावत आणि पडद्यावर नाव न येणे, ही गाऱ्हाणी होती. हक्कांच्या बाबतीत स्वतः पोळलेल्या मालकाला ती समजू नयेत, हे नवलच. त्या काळी चित्रकारांच्या रेषा पारदर्शक सेल्युलॉइडवर (‘सेल’वर) शाईने उतरवण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करत. ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’साठी (१९६१) आयवर्क्स यांनी झेरॉक्सचे तंत्र वापरात आणले आणि पेन्सिलीची रेषा थेट सेलवर उमटू लागली. इतक्या कुत्र्यांचे ठिपके हाताने गिरवणे परवडण्याजोगे नव्हतेच.

मुंबईशी या स्टुडिओचा धागा क्लेअर वीक्स यांच्यामुळे जुळतो. भारतात जन्मलेले हे डिस्नेचे अ‍ॅनिमेटर १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात शिकवायला आले. भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू मानले जाणारे राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

डिस्नेलँड : कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून १६० एकरांवर, अवघ्या वर्षभरात उभारलेले उद्यान. पैशांसाठी वॉल्टनी एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीला साप्ताहिक कार्यक्रम दिला आणि त्या बदल्यात भांडवल व कर्जाची हमी मिळवली. १७ जुलै १९५५ चे उद्घाटन थेट प्रक्षेपित झाले. निवेदकांत नट रोनाल्ड रेगनही होते. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे सुमारे २८,००० लोक लोटले. उन्हाने ताजे डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पाणपोया आणि शौचालये यांपैकी एकच काम वेळेत होणार होते. वॉल्टनी शौचालये निवडली, आणि तहानलेल्यांनी ही शीतपेये खपवण्याची युक्ती ठरवली. माळी कमी पडले तिथे रानगवतालाच लॅटिन नावांच्या पाट्या लावल्या, असे सांगतात. तिथला किल्ला जेमतेम ७७ फुटांचा. वरचे दगड लहान होत गेल्याने तो उंच भासतो.

कुंपणाबाहेर इतरांनी मोटेल थाटली आणि कमाई त्यांच्या गल्ल्यात गेली. म्हणून फ्लोरिडात सुमारे २७,००० एकर जमीन नावापुरत्या कंपन्यांमार्फत गुपचूप घेतली गेली. १९६५ मध्ये बातमी फुटताच भाव कडाडले. त्या कंपन्यांची आठवण म्हणून तिथे उभारलेल्या उद्यानाच्या मुख्य रस्त्यावरच्या एका खिडकीवर ‘एम. टी. लॉट’ हे नाव आहे. भरभर उच्चारले की इंग्रजीत ‘रिकामा भूखंड’ असे ऐकू येते. डिस्नेलँडच्या भविष्यनगरीतून काउबॉयच्या वेषातला नोकर जाताना वॉल्टना खटकला होता, म्हणून इथे नोकरांसाठी बोगदे आले. भूजल उंच असल्याने ते जमिनीवरच बांधून वर माती घातली. पाहुणे चालतात तो खरे तर दुसरा मजला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी हे उद्यान उघडले तेव्हा वॉल्ट हयात नव्हते. रॉयनी निवृत्ती लांबवून ते पुरे केले आणि त्याच डिसेंबरात तेही गेले.

१९२८ मध्ये हातचा गेलेला ओस्वाल्ड २००६ मध्ये डिस्नेकडे परतला. त्याच्या बदल्यात डिस्नेने क्रीडासमालोचक अल मायकेल्स यांना करारमुक्त करून युनिव्हर्सलशी जोडलेल्या एनबीसीकडे जाऊ दिले. मात्र ‘स्टीमबोट विली’वरील स्वामित्वहक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी संपला आणि त्यातला काळा-पांढरा मिकी आता कोणालाही वापरता येतो.