सोमवारची डोकेदुखी

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करून घ्या. कारण आजचा विषयच डोकेदुखी आहे.

इतिहासाच्या गप्पा म्हटलं की आपल्याला लढाया, किल्ले, तह आठवतात. आज मात्र एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहे. त्याला कारण मी स्वतः आहे.

गेली दोन वर्षं माझं डोकं दुखायचं. रोज नाही, पण वरचेवर. आधी चष्म्याचा नंबर तपासला, तो तसाच होता. मग सायनस असेल म्हणून वाफ घेतली. उशी बदलली. आई म्हणायची, "अगं, केस ओले ठेवून झोपतेस, दुसरं काय होणार?" रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसले, तर दहा मिनिटांत मला मेंदूची गाठ झाल्याचं माझं मीच ठरवून टाकलं. ती भीती खरी होती बरं का. हसू आत्ता येतंय, तेव्हा येत नव्हतं. शेवटी एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल आला. आनंद झाला, पण अर्धाच. काही सापडलं नाही, मग दुखतंय का?

न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेले तेव्हा मी वर्णन करायला लागले. ठणकतं, कानशिलं फुटतात, उजेड नको वाटतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "किती दुखतं ते कळलं. आता कधी दुखतं ते सांगा."

मला सांगता येईना. दोन वर्षं दुखत होतं आणि मला वार माहीत नव्हता! त्या म्हणाल्या, "महिनाभर लिहा. वार, वेळ, झोप, खाणंपिणं आणि घेतलेली प्रत्येक गोळी."

'कधी' हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत डोक्याच्या दुखण्याचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या एकाचं नाव सूर्यावर्त. सूर्य उगवला की दुखणं सुरू, सूर्य चढेल तसं वाढतं, सूर्य कलला की उतरतं. म्हणजे दुखण्याचं नावच त्याच्या वेळेवरून. दुसरा प्रकार अर्धावभेदक, अर्ध्या डोक्यात भेदल्यासारखं दुखणं. त्यालाच आपण अर्धशिशी म्हणतो. आणि तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या वैद्यानं 'हेमिक्रेनिया' म्हणजे 'अर्धं डोकं' असा शब्द वापरला. तोच झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. दोन संस्कृती, दोन भाषा, पण निरीक्षण एकच.

तर मी फोनच्या नोट्समध्ये लिहायला लागले. नेमकं त्याच महिन्यात मी या पॉडकास्टसाठी डायनामाइटचा इतिहास वाचत होते. आणि वाचता वाचता एका जागी थांबले.

चला, इटलीत जाऊ. तुरीन शहर, १८४७ साल. आस्कानिओ सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ग्लिसरीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून एक तेलकट द्रव तयार केला. हेच नायट्रोग्लिसरीन. जरा धक्का लागला तरी फुटणारं. त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ नवा पदार्थ चक्क चाखून बघायचे. सोब्रेरोनंही अगदी कणभर जिभेवर ठेवला, आणि त्याचं डोकं असं काही ठणकलं की ते त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे बघा, हा पदार्थ डोंगर फोडायला लागला त्याच्या आधीच तो डोकं फोडतो हे माहीत झालं होतं!

हा द्रव धंद्यात आणला आल्फ्रेड नोबेलनं. त्याची किंमतही मोजली. ३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोमजवळच्या त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात बाकीच्यांबरोबर त्याचा धाकटा भाऊ एमिलही गेला. पुढे नोबेलनं हा द्रव एका सच्छिद्र मातीत मुरवला, त्यामुळे तो हाताळण्याजोगा झाला. १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नाव दिलं डायनामाइट.

मग बोगदे, खाणी, रेल्वेमार्ग, कालवे, सगळ्यांना डायनामाइट हवं झालं. १८७१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्डीर इथल्या वाळूच्या टेकड्यांत नोबेलच्या कंपनीनं मोठा कारखाना सुरू केला. तिथे नायट्रोग्लिसरीनच्या तापमानावर नजर ठेवणाऱ्या कामगाराला एकाच पायाचं स्टूल असायचं. डुलकी लागली तर तो खाली पडावा, म्हणून. काडतुसं भरायला तरुण मुली असायच्या. एवढी काळजी स्फोटाची. पण हा पदार्थ कामगारांच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात मुरत होता, त्याचं काय?

डायनामाइटच्या कारखान्यांत नवा कामगार आला की पहिल्या दिवशी त्याचं डोकं भयंकर दुखायचं. दोन-चार दिवसांत ते आपोआप कमी व्हायचं. कामगाराला वाटायचं, सुटलो. मग रविवारची सुट्टी यायची. घरी आराम. आणि सोमवारी कामावर आला की पुन्हा तोच ठणका, जणू पहिलाच दिवस. याला नावच पडलं, सोमवारची डोकेदुखी.

असं का व्हायचं? नायट्रोग्लिसरीन शरीरात गेलं की त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतो, वाहिन्या रुंदावतात, आणि डोकं ठणकायला लागतं. रोज तेच होत राहिलं की शरीर सरावतं, विरुद्ध बाजूनं ताण लावायला शिकतं. रविवारी तो पदार्थ मिळत नाही, सराव मोडतो. सोमवारी पुन्हा श्रीगणेशा.

आता यावर कामगारांनी काय उपाय काढला असेल? सुट्टीच्या दिवशी थोडंसं नायट्रोग्लिसरीन घरी न्यायचं. कुणी ते टोपीच्या आतल्या पट्टीला लावायचं. कपाळाच्या कातडीतून ते अंगात जात राहायचं, सराव टिकायचा, आणि सोमवारी डोकं दुखायचं नाही.

मी थांबले ती इथे. ज्यानं डोकं दुखतं तेच कपाळाला लावून डोकेदुखी टाळायची! त्या माणसांना मूर्ख म्हणू नका. कारण त्यांना माहीत होतं. पण कारण माहीत असलं तरी नोकरी सोडता येत नव्हती, आणि सोमवारी सकाळी काम तर करायचंच होतं.

या गोष्टीची काळी बाजू विसाव्या शतकात समोर आली. वर्षानुवर्षं स्फोटकांत काम केलेल्या काही कामगारांच्या छातीत सुट्टीच्या दिवशी दुखायचं. काहींचा तर सुट्टीत किंवा सोमवारी सकाळी अचानक मृत्यू व्हायचा. सरावलेल्या रक्तवाहिन्यांना तो पदार्थ मिळाला नाही की त्या आवळायच्या, आणि हृदयाला रक्त कमी पडायचं. डोकं शांत झालं म्हणजे शरीर बरं झालं, असं नव्हतं. धोका फक्त गप्प बसला होता.

दरम्यान लंडनमध्ये विल्यम मरेल या डॉक्टरनं नायट्रोग्लिसरीन स्वतःवर करून बघितलं. त्याचंही डोकं ठणकलं, नाडी जोरात उडायला लागली. पण त्याला वेगळाच प्रश्न पडला. जी गोष्ट रक्तवाहिन्या सैल करते ती हृदयरोग्याच्या कामी येईल का? १८७९ मध्ये त्यानं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि तेव्हापासून आजतागायत छातीत दुखण्यावर हे औषध वापरलं जातं. अगदी थोडं, जिभेखाली. म्हाताऱ्या नोबेललाही डॉक्टरांनी हेच लिहून दिलं होतं. १८९६ च्या ऑक्टोबरमधल्या एका पत्रात त्यानं या दैवाच्या थट्टेचा उल्लेख केला आहे. डिसेंबरमध्ये तो गेला. आणि नायट्रिक ऑक्साइडचं कोडं सोडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना, १९९८ मध्ये पारितोषिक मिळालं. कुठलं? अर्थात नोबेल!

आता माझ्या नोट्सकडे या.

महिना संपला तेव्हा सगळं उघडं पडलं. सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसच्या मशीनची कॉफी दिवसाला सहा-सहा कप पीत होते. शनिवार-रविवारी उशिरा उठायचं आणि आईच्या हातचा एक कप चहा. दुखणं शनिवारी दुपारी सुरू व्हायचं आणि रविवारी कळस गाठायचं. कॅफीन डोक्यातल्या रक्तवाहिन्या आवळतं. शरीर त्याला सरावतं. ते अचानक बंद झालं की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं. कामगारांचा सोमवार, माझा रविवार. गणित तेच, फक्त उलटं.

पण खरा धक्का दुसऱ्या रकान्यात होता. मी त्या महिन्यात चौदा दिवस डोकेदुखीची गोळी घेतली होती. विचारलं असतं तर मी "चार-पाच वेळा" म्हणाले असते, आणि तेही मनापासून. माझी गोळी मिश्र होती, कॅफीनसुद्धा असलेली. डॉक्टर म्हणाल्या, अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखीचं कारण होऊ शकते. दुखतं म्हणून गोळी, गोळी उतरली की पुन्हा दुखणं, म्हणून पुन्हा गोळी.

माझ्या टोपीच्या पट्टीत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

सुटका सोपी नव्हती, हेही सांगते. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या, कॉफी आठवड्याला एक कप अशी कमी करत आणली. पहिले दोन आठवडे दुखणं वाढलं. एका रविवारी मी आईवर इतकी ओरडले की नंतर रडले. ती काही बोलली नाही. खोलीचा पडदा ओढला आणि जवळ बसून राहिली. मग म्हणाली, "माझंही असंच दुखायचं गं, तुझ्या वयात. आम्ही कपाळाला फडकं बांधून स्वयंपाक करायचो." आईला अर्धशिशी होती. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिला 'कधी दुखतं' हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तर कारणाच्या खाली आणखी एक कारण निघालं. माझीही मूळ तक्रार अर्धशिशीच आहे. कॉफी आणि गोळ्यांनी तिच्यावर जाड थर चढवला होता. आता महिन्यातून दोन-तीनदा दुखतं. पूर्ण गेलेलं नाही. पण काय आहे ते माहीत आहे, आणि रात्री दोन वाजता शोधत बसावं लागत नाही.

१७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरनं कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो डॉक्टरांना सांगतो, रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराच, पण आणखी एक विचारा, तुझा धंदा काय? मी त्याला माझ्या डॉक्टरांचा प्रश्न जोडते. कधी? काय काम करता आणि कधी दुखतं, या दोन उत्तरांत माझं अर्धं निदान होतं. एमआरआयमध्ये रविवार दिसत नाही.

आणि हो, लिहीत बसायचं नाही अशीही डोकेदुखी असते. क्षणात वीज पडल्यासारखी आलेली, ताप आणि मान आखडलेली, बोलणं अडखळतंय, हात-पाय लुळा पडतोय, नजर जातेय, डोक्याला मार लागलाय. तेव्हा थेट दवाखाना गाठा. आणि चालू असलेली औषधं हा भाग ऐकून स्वतःच्या मनानं बंद करू नका.

बाकी सगळ्यांनी आज फोनमध्ये एक नोट उघडा. वार, वेळ, चहा-कॉफी, झोप, गोळी. आणि घरात कुणी कपाळाला फडकं बांधून कामाला लागलेलं दिसलं तर त्यांनाही विचारा, कधीपासून दुखतंय?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.